परकी भाषा आपली कशी होते? फादर स्टीफन्स यांचा धडा

रहिमतपूर हे गावाचे नावच दोन भाषांच्या सोयरिकीतून जन्मले आहे. ‘रहमत’ म्हणजे दया, हा शब्द अरबी. ‘पूर’ हा संस्कृत. सातारा जिल्ह्यातील या गावी गेल्या पावसाळ्यात एका ख्रिस्ती कुटुंबात प्रार्थनेसाठी जाण्याचा योग आला. घरची थोरली मुलगी परिचारिका. जर्मनीत नोकरी मिळावी म्हणून ती जर्मन भाषा शिकत होती. शब्दांच्या याद्यांनी भरलेल्या तीन वह्या तिने आमच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, “फादर, सगळं पाठ होतं, पण बोलायची वेळ आली की तोंडच उघडत नाही.”

आम्हांला आमचे सेमिनरीतील दिवस आठवले. ग्रीक भाषेची धातुरूपे घोकून आम्ही परीक्षा उत्तीर्ण झालो होतो. आज त्यांतील दहासुद्धा सांगता येणार नाहीत. तेव्हा त्या मुलीला कोणत्या तोंडाने उपदेश करावा?

रहिमतपुरात आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखान याची कबर आहे, जुनी मशीद आहे. त्या काळी या मुलखातील देशपांडे-कुलकर्ण्यांना दरबारी फारसीशी रोज गाठ पडे. अर्ज, हुकूम, दप्तर, फिर्याद, जमीन हे शब्द कचेरीतून घरात आले आणि इतके मुरले की आज ते परके वाटतच नाहीत. पोटासाठी जवळ केलेली भाषाही रोजच्या वापराने ओठांवर बसते, याचा हा पुरावा. मात्र भाषा मनापासून आपलीशी केल्याचे उदाहरण हवे असेल, तर गोव्याकडे वळले पाहिजे. तेथील साष्टी प्रांत 1543 साली पोर्तुगीजांकडे गेला. त्याआधी तोही याच आदिलशाहीचा भाग होता.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील. 1575 साली त्यांनी रोममध्ये येशूसंघात प्रवेश केला. 4 एप्रिल 1579 रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले आणि 24 ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. पुढील चाळीस वर्षे, म्हणजे 1619 साली देह ठेवीपर्यंत, ते येथेच राहिले. त्यांतील बहुतेक काळ साष्टीत. मायदेशी ते परतले नाहीत.

त्यांच्यापुढे या भाषेचे छापील व्याकरण नव्हते. मग ते शिकले कसे? त्यांनी दिनचर्या लिहून ठेवली नाही. परंतु त्यांच्या ग्रंथांत त्या अभ्यासाच्या खुणा दिसतात.

पहिली खूण कानाची. ‘त’ आणि ‘ट’, ‘द’ आणि ‘ड’ यांतील भेद युरोपियन माणसाच्या कानाला सहज कळत नाही. फादर स्टीफन्स यांनी तो ओळखला आणि रोमन लिपीत लिहिताना टवर्गातील वर्णांसाठी दुहेरी अक्षरे योजिली. भाषा हातात येण्याआधी ती कानात शिरावी लागते, हे यावरून कळते.

दुसरी खूण तुलनेची. 1583 साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांना जवळची आहे, असे त्यांनी नोंदविले. दोन शतकांनंतर भाषापंडितांनी जो विषय विस्ताराने मांडला, त्याची चाहूल या तरुण धर्मगुरूला लागली होती. ठाऊक असलेल्या भाषेच्या खुंटीवर ते नवी भाषा टांगीत होते.

तिसरी खूण लोकांच्या वाङ्मयाची. साष्टीतील नवख्रिस्ती लोक पुराणांच्या श्रवणात वाढलेले होते. आता त्यांना ऐकण्यासारखे काही उरले नव्हते. त्यांच्यासाठी फादरांनी ओवी छंदात ‘ख्रिस्तपुराण’ रचिले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ 1616 साली रायतूर येथे छापला गेला. लेखक गोव्यास आले त्याला तेव्हा सदतीस वर्षे झाली होती! परक्या माणसाने इतकी ओवी लिहावी, याचा अर्थ त्याने त्याआधी कितीतरी ओवी ऐकली असणार, गुणगुणली असणार.

चौथी खूण आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. ते ग्रंथांची मराठी शिकले, तशीच घराअंगणातील कोंकणीही शिकले. त्यांची प्रश्नोत्तररूप ‘दौत्रिना’ 1622 साली आणि कोंकणीचे व्याकरण 1640 साली छापून निघाले. दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर. नियम त्यांनी बोलणाऱ्यांच्या तोंडून वेचले. आपण मात्र आधी नियम पाठ करतो आणि मग बोलणारा शोधतो.

या कथेची दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. ज्या साष्टीत हे पुराण रचिले गेले, तेथील देवळे 1567 साली पाडली गेली होती. ग्रंथही नष्ट झाले होते. पुढे 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा बोलावी. सत्ता होती, शिक्षेचे भय होते. तरी कोंकणी मेली नाही. आज ती गोव्याची राजभाषा आहे. हुकमाने भाषा शिकविता येत नाही. ज्याला शिकायचे आहे त्याने शिष्य होऊन दुसऱ्याच्या उंबऱ्याशी बसावे लागते.

विसाव्या शतकात फ्रेंच येशूसंघीय फादर गी द्लरी पुण्यास आले आणि याच वाटेने गेले. ते वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट चालले. 1956 साली त्यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि 1960 साली विठोबाच्या उपासनेवर ग्रंथ लिहिला.

हे सारे आम्ही त्या मुलीला थोडक्यात सांगितले. मग म्हणालो, “याद्या फेकू नकोस, पण दिवसातून एक तास त्या मिटून ठेव. प्रभूची प्रार्थना जर्मनमध्ये पाठ कर. अर्थ तुला लहानपणापासून ठाऊक आहे. ओळखीचे शुभवर्तमान मोठ्याने वाच. जर्मन भाषेतील मिस्सा ऐक. पुढे काय येणार हे तुला आधीच कळेल. आणि रोज कोणाशी तरी बोल. चुकलीस तर चुकू दे.”

नाताळापूर्वी पुन्हा रहिमतपूरला जाणे झाले. सायंप्रार्थनेच्या वेळी तिने प्रभूची प्रार्थना जर्मनमध्ये म्हटली. दोनदा अडखळली, पण थांबली नाही. तिची आजी म्हणाली, “पुन्हा म्हण गं, मला ‘बापा’ एवढं तरी येऊ दे.” मग नात आजीला तो एक शब्द शिकवू लागली. आजीने तो पाच वेळा चुकविला आणि सहाव्यांदा बरोबर म्हटला.

आपली मुले आज दूरदेशी जात आहेत. त्यांनी तेथील भाषा अवश्य शिकावी, आणि ती तेथील माणसांच्या प्रेमाने शिकावी. मात्र जाण्यापूर्वी आजीजवळ बसून आपली मराठीही नीट ऐकून घ्यावी. विल्टशरच्या एका मुलाने चाळीस वर्षे वेचून जी भाषा मिळविली, ती आपल्याला पाळण्यातच मिळालेली आहे.