पोट्ट्या, आधी गाडीचं ऐक

चला, वर चढा. पायरीवर पाय, दाराच्या दांडीला हात, आणि एका झटक्यात केबिनमध्ये. दार जोरात ओढा, एकदा ओढून ते लागत नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यातला मे महिना आहे. जबलपूरचा गोरखपूर बाजार नुकता जागा होतोय, आणि तुमच्या खिशात जड वाहनाचा कोरा परवाना आहे. कायद्याला वीस वर्षं पुरी लागतात, ती तुमची झालीत. तरी स्टेअरिंगवर उस्ताद बसलेत आणि तुम्ही डावीकडे, क्लीनरच्या जागेवर.

खिडकीतून डोकं बाहेर काढा. हाऊबाग स्टेशनवरून नैनपूरकडे निघालेल्या छोट्या गाडीची शिट्टी ऐकू येते, पाठोपाठ कोळशाचा धूर. त्या धुरात खव्याच्या जिलबीचा वास मिसळलाय. ती काळसर, जाड जिलबी गरम आहे तोवर खाऊन घ्या, दुपारी लखनादौनपर्यंत काही मिळेल न मिळेल. हमाल ओरडतायत, सायकलच्या घंट्या वाजतायत, कुणीतरी दुकानासमोर पाणी मारतंय. कानावर पंजाबी, सिंधी, बुंदेली, आणि मध्येच तुमच्या उस्तादांची नागपुरी मराठी: ‘काहून रे पोट्ट्या, चाकं पाह्यली का?’

पाहिली नाहीत. उतरा खाली.

टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी कांब, घ्या आणि एकेका टायरवर हाणा. हवा भरलेला टायर टणक वाजतो, टॉमी उसळी मारते. मागच्या जोडीतल्या आतल्या चाकाचा आवाज मात्र बसका येतोय. बाहेरचं चाक भार पेलून धरतं, म्हणून नुसतं बघून हे कळलंच नसतं. उस्ताद रागावत नाहीत. पुन्हा मारायला लावतात, मग शेजारच्या चाकावर, मग परत त्याच्यावर. कान तयार होईस्तोवर गाडी हलत नाही. माल पोचायला उशीर होईल म्हणून तुम्ही चुळबुळता, तर ते हवावाल्याच्या दुकानाकडे बोट दाखवतात.

गाडी टाटाची आहे. मर्सिडीज-बेंझबरोबरचा करार 1969 मध्ये संपला, तरी रस्त्यावर तिला अजून मर्सिडीजच म्हणतात. त्याच साली शहरात व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. तिथून निघालेला लष्करी शक्तिमान ट्रक समोरून घरघरत गेला की उस्ताद मान वळवून त्याच्या इंजिनाचा आवाज ऐकतात. ऐकणं ही त्यांची शाळा. पाट्याची कुरकुर, पंख्याच्या पट्ट्याची चिरचिर, सायलेन्सरचा बदललेला सूर, यातलं काहीही तुमच्या आधी त्यांना कळतं आणि ते लगेच विचारतात, ‘काय वाजलं?’

तिलवाऱ्याच्या पुलावर नर्मदेचा गार वारा एकदाच तोंडावर येतो. मग बरगीच्या बाजूला चढ लागतो आणि केबिनची भट्टी होते. इंजिनावरचं झाकण गुडघ्याला भाजतं, पाठ सीटला चिकटते, डिझेल, घाम आणि उदबत्ती यांचा एकच वास होतो. मागे ताडपत्रीखाली तेंदूपत्ता आहे, कामठीच्या विडी कारखान्यांसाठी. पन्नास पानांची एक गड्डी, आणि अशा गड्ड्यांची पोती केबिनच्या कितीतरी वर रचलेली. वजनाला हलका माल, पण उंच. ‘हलका माल पाहून भुलू नको,’ उस्ताद म्हणतात. वळणावर गाडी वळते तेव्हा वरचा माल सरळ जायला बघतो. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर ब्रेक दाबायचा नाही. प्रत्येक वळणाला ते हे नव्याने बोलत नाहीत, गिअर पाडताना फक्त तुमच्याकडे बघतात.

छपाऱ्याला वैनगंगेच्या पुलाआधी चहा होतो. सिवनीपर्यंत ऊन डोळ्यांत खुपत राहतं.

कुरईच्या घाटात मात्र सावध बसा. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, पानं गळून उघडं पडलेलं, आणि रस्ता खवाशाकडे उतरत जातो. उस्ताद उतार सुरू होण्याआधीच गाडी जवळजवळ उभी करतात आणि खालचा गिअर टाकतात. क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक ठोसा, पुन्हा क्लच, आणि मग गिअर. डबल क्लच. या गिअरबॉक्सला दुसरं काही चालत नाही, आणि उतारावर गिअर बसला नाही तर गाडी मोकळी पळते. ‘ज्या गिअरात हा घाट चढला असता, त्याच गिअरात उतर.’ डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे कितीतरी जण रस्त्यावर आहेत. पण मालकाचं डिझेल वाचवून स्वतःचा जीव घालवण्याला उस्ताद हुशारी म्हणत नाहीत, आणि मला वाटतं, या रस्त्यावर त्यांच्याइतकं बरोबर कुणी बोललं नसेल.

नाकाला काही लागलं? जळकं, करपलेलं, तिखट. वळणापलीकडे रस्त्यावर दगड मांडलेत, त्यांच्यापुढे झाडाची फांदी. एक ट्रक उभा आहे, चाकांतून धूर निघतोय, आणि तुमच्याच वयाचा ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन चाकाकडे धावतोय.

‘पानी मत डाल!’ उस्तादांचा आवाज घाटभर घुमतो. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर तो तडकतो. ते आधी चाकांखाली दगड नीट लावून घेतात आणि मग त्या पोराला सावलीत बसवतात. त्याचे हात थरथरतायत. त्याला कुणी दटावत नाही. उस्ताद विचारतात, उतारावर कितव्यात होतास? तो खरं सांगतो. तिथेच, बंद गाडीत, ते त्याच्याकडून पुन्हा पुन्हा गिअर टाकून घेतात. तुम्ही खाली बसून ऐकता आणि तुमचा डावा पाय आपोआप जमिनीवर क्लच दाबत राहतो.

ड्रम निवतात. उस्ताद ब्रेक स्वतः तपासतात, मगच त्याला म्हणतात, माझ्या मागे ये, अंतर ठेव, माझा वेग तोच तुझा वेग. निघण्याआधी तुम्हाला आणि त्याच्या क्लीनरला हुकूम सुटतो: रस्त्यावरचा एकेक दगड उचला. आपली गाडी सुटली आणि दगड तसेच राहिले, तर रात्री येणाऱ्याचं काय? दगड तापलेले आहेत, तळवे भाजतात. फांदीही ओढून झाडीत टाका.

खवाशाच्या नाक्यावर कागद दाखवून झाले की उस्ताद खाली उतरतात आणि तुमच्या बाजूने वर चढतात. ‘सरक तिकडे.’

पुढचा रस्ता सपाट आहे. स्टेअरिंग वळवायला खांदे लागतात. पहिला गिअर बसतो, दुसरा कर्कश करकरतो, आणि उस्तादांचा हात हँडब्रेकवरून हलत नाही. ‘घाई कायची हाय? परत टाक.’ बसला! देवलापारकडून बैलगाड्यांची रांग येते, पोरं हात हलवतात, गरम वारा कानशिलावर आदळतो. मागून हॉर्न वाजतोय. आरसा बघा. डांबर एकाच गाडीपुरतं आहे आणि तुमचा माल उंच, तेव्हा आधी वेग उतरवा, मगच डावी चाकं हळूच मातीवर घ्या. आता उजवा हात बाहेर काढा आणि त्याला पुढे जाऊ द्या.