चित्रकथेची मालकी आणि चित्रकार

शिरूर-दौंडकडच्या आमच्या पिढीला चित्रकथा भेटल्या त्या बहुधा दौंड जंक्शनच्या फलाटावर, गाडीची वाट पाहताना. अनंत पै यांनी १९६७ मध्ये मुंबईत ‘अमर चित्र कथा’ उभी केली. त्यातला ‘कृष्ण’ राम वाईरकरांचा, तर ‘शिवाजी’ पुण्याच्या प्रताप मुळीकांचा. २००७ मध्ये ही मालिका नव्या कंपनीकडे गेली. जुने अंक पुन्हा छापले गेले, पडद्यावरही आले, हे स्वागतार्हच. (‘इंद्रजाल कॉमिक्स’ मात्र १९९० मध्ये बंदच पडले.) परंतु अशा व्यवहारांच्या चर्चेत हक्क आणि मालक येतात, चित्रकार क्वचितच. आपला वाङ्मयेतिहासही त्यांना दाराबाहेरच ठेवतो. बखरी आम्ही पुढे अभ्यासल्या. मनातले शिवाजीमहाराज तत्पूर्वीच मुळीकांच्या रेषेने घडवले होते.