बढती आणि बदली

आपल्याकडे बढतीचे पेढे वाटतात. बदलीचे कोणी वाटीत नाही. बढती म्हणजे माणूस वर चढला, आणि बदली म्हणजे नुसताच हलला, असा आपला साधा हिशोब. चाळिशी ओलांडल्यावर मीही असाच हललो. पंधरा वर्षे म्युच्युअल फंडाच्या कारभारात लोकांचा पैसा शेअरबाजारात गुंतवीत होतो. आता निवृत्तिवेतनाच्या निधीचा पैसा सांभाळतो. हुद्दा तोच, पगारही जवळजवळ तोच. "मग मिळवलंस काय?" असे घरच्यांनी विचारले. त्या प्रश्नाचा विचार करताना मला आमच्या मुलखातला नवेगाव बांधचा तलाव आठवला. परक्याची मालमत्ता सांभाळणे म्हणजे काय, हे त्याच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके कुठल्याही जमाखर्चात दिसत नाही.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात हा तलाव आहे. भोवताली डोंगर, त्यांना 'सात बहिणी' म्हणतात. त्या डोंगरांमधल्या खिंडी पाळ घालून बुजवल्या आणि सुमारे ११ चौरस किलोमीटरचे पाणी अडवले. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने हे काम केले, असे सांगतात. कोहळी हे तलाव बांधणारे आणि ऊस-धान पिकवणारे लोक. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन, असे गोंड राजांचे धोरण होते, अशी परंपरा आहे. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव उभे राहिले.

तलाव बांधणे हे एकदाचे काम; तो राखणे हे दरवर्षीचे. पावसाळ्यापूर्वी पाळीला माती घालायची, सांडवा मोकळा ठेवायचा, उन्हाळ्यात गाळ उपसून शेतात टाकायचा. वरच्या तलावाचे जास्तीचे पाणी खालच्या बोडीत उतरते, तेव्हा एकाने हयगय केली की दुसऱ्याच्या धानाच्या बांध्या वाहून जातात. पाणी कोणाला आधी आणि कोणाला नंतर, हे ठरवणाऱ्याला गावाची प्रत्येक बांधी ठाऊक असावी लागे. इंग्रजी अमलात मालगुजारांना मालकी मिळाली, तरी गावाचे निस्ताराचे हक्क 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात नोंदले गेले. मालगुजारांत लोभी होते, जुलमी होते. ती पद्धत गेली ह्याचे दुःख कोणी करू नये. पण तलाव सांभाळण्याचे ज्ञान त्या व्यवस्थेत मुरलेले होते, हे मान्य करावे लागते.

३१ मार्च १९५१ रोजी जुन्या मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. तलाव सरकारजमा झाले; पुढे मोठे पाटबंधारे खात्याकडे आणि लहान जिल्हा परिषदांकडे गेले. मालमत्तेची बदली झाली. तिला ओळखणारी माणसे मात्र मागेच राहिली. खात्याच्या दप्तरात तलावाची लांबी-रुंदी गेली, पण कोणती पाळ कुठे झिरपते हे गेले नाही. कितीतरी तलाव गाळाने उथळ झाले, बेशरमाची झुडपे काठावरून आत सरकली.

ह्याच्या शेजारी दुसरी एक बदली ठेवून पाहण्यासारखी आहे. चिंतामणराव देशमुख हे आय.सी.एस. होऊन ह्याच मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सेवेत आले. ज्या प्रांतात तेव्हा आमचा भंडारा जिल्हा होता, त्याचे महसूल सचिव आणि अर्थ सचिव झाले. एकवीस वर्षांच्या नोकरीनंतर, जुलै १९३९ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते रिझर्व्ह बँकेत गेले. जागा कसली? सरकार आणि बँक ह्यांच्यामध्ये दुवा ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची. त्या नावावर कोणी पेढे वाटले नसते. तीन महिन्यांत ते मंडळाचे सचिव झाले, १९४१ मध्ये उपगव्हर्नर, आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. जमिनीकडून नाण्याकडे गेलेला हा माणूस वीस वर्षांचे शहाणपण बरोबर घेऊन गेला होता.

पुढे तेच अर्थमंत्री असताना १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने आयुर्विम्याचा कारभार हाती घेतला. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट संस्था, म्हणजे एकूण २४५. १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. तोवर देशमुख मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे झाले होते. पण विमेदारांची पुस्तके हलली तेव्हा ती वाचता येणारे कारकून आणि अधिकारीही महामंडळाकडे आले. हीच गोष्ट तलावांच्या बाबतीत झाली नाही.

म्हणून मध्यावर नोकरी बदलणाऱ्याला मी हुद्दा विचारीत नाही. जुन्या जागी शिकलेले किती बरोबर येणार, हे विचारतो. नवे धन कोणाचे, आणि ते किती वर्षांनी लागणार, हे विचारतो. म्युच्युअल फंडात धनी उद्याही पैसे मागू शकतो. निवृत्तीच्या पैशाचा धनी तीस वर्षांनी येतो, आणि तेव्हा त्याला दुसरा आधार नसतो. तिथे पाळ झिरपली तर आज कोणाला कळत नाही. म्हणून ती आजच पाहावी लागते.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत मंडई भरतात, रात्रभर नाटके होतात. त्या निमित्ताने कोणी तिकडे गेलात तर नवेगाव बांधच्या पाळीवर जरूर जा. कोलू पाटलाला लोकांनी कोलासुर म्हणून देव केले आहे. तो पाटील होता आणि पाटीलच राहिला. पण त्याने अडवलेल्या पाण्यावर धान आजही पिकते.