बालाबुश्काचा जोड

परवा 'द कलर ऑफ मनी' (१९८६) परत पाहिला. त्यात टॉम क्रूझला बालाबुश्काची म्हणून जी पूलची क्यू मिळते ना, ती खरी नव्हतीच! जॉस कंपनीची होती.

जॉर्ज बालाबुश्का लहानपणी, १९२४ साली, रशियातून अमेरिकेत आला. सुतारकाम करायचा, १९५९ पासून ब्रुकलिनमध्ये क्यू बनवू लागला. दोन तुकडे स्क्रूने जोडतात तिथे लाकूड तडकू नये म्हणून स्टीलची कॉलर. इथवर इंजिनिअरिंग. पण शेजारी धातूच्या बारीक चकचकीत कड्या, मध्ये लाकडाचे इवलेसे तुकडे! पुढची नक्षी मात्र बऱ्याचदा ब्रन्सविकच्या तयार टायटलिस्ट क्यूची.

मग त्याचं स्वतःचं काय? मला विचाराल तर हा जोडच. १९७५ मध्ये तो गेला, आणि लोकांनी कॉपी केल्या त्या ह्याच कड्या.