आखूड पत्ता आणि फेरफार

‘माकणी’ हा शब्द कागदावर तीन अक्षरांत मावतो. संगणक त्यातला काना आणि वेलांटी वेगळी मोजतो, म्हणून त्याच्या हिशेबी ती पाच चिन्हं. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि वेबपत्त्यात असा प्रत्येक बाइट टक्क्याची खूण धरून तीन चिन्हांत लिहिला जातो. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक ४५. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातलं, निम्न तेरणा धरणाचं हे गाव लेखाच्या मथळ्यात आलं, की त्याच्या पत्त्याला ४५ चिन्हांची शेपूट लागते. अशी लिंक व्हॉट्सॅपवर पाठवली तर निम्मे लोक ती व्हायरस समजून उघडत नाहीत.

अडचण फक्त मराठीची नाही. २००२ साली अमेरिकेत केव्हिन गिल्बर्टसन यांनी ‘टायनीयूआरएल’ सुरू केलं, तेही लांबलचक पत्ते ईमेलमध्ये मोडतात म्हणून. युक्ती साधी होती: एका वहीत डावीकडे आखूड शब्द, उजवीकडे खरा पत्ता. आखूड शब्द विचारला की वही खऱ्या पत्त्याकडे बोट दाखवते.

प्रश्न असा, की वही कुणाच्या ताब्यात? २०१० मध्ये ‘व्हीबी डॉट एलवाय’ ही अशी सेवा लिबियाच्या नोंदणी संस्थेने एका फटक्यात बंद केली. शेवटची दोन अक्षरं लिबियाची होती आणि तिथल्या नियमांत ती सेवा बसत नव्हती. गूगलने २००९ मध्ये स्वतःची सेवा काढली, २०१९ मध्ये नवे दुवे घेणं थांबवलं आणि २५ ऑगस्ट २०२५ ही जुन्या दुव्यांची शेवटची तारीख जाहीर केली. पुढे ओरड झाल्यावर वापरातले दुवे राखायचं ठरलं. जे कुणी फारसं उघडत नव्हतं, ते गेलं. आता गावाच्या इतिहासाचं पान रोज कोण उघडतं?

आखूड पत्त्याचा आपल्याकडचा सर्वांत यशस्वी प्रयोग मात्र इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्याने पिनकोड सुरू केला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते. हेच वेलणकर संस्कृतात काव्य आणि नाटकंही लिहीत. वडगाव, पिंपळगाव या नावांची गावं डझनांनी, पत्त्यांच्या लिप्या अनेक. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे सहा आकडे. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाननी जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे.

या आकड्यांचं चिवटपण आमच्या भागात नीट दिसतं. ४१३ हे सोलापूरचे पहिले तीन आकडे, तेच उस्मानाबादचे. १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्हा फोडून लातूर वेगळा झाला. लातूरचा ४१३५१२ आजही ४१३नेच सुरू होतो. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. शहराचा ४१३५०१ तसाच राहिला. जागा तीच, नाव बदललं, आखूड पत्ता ढळला नाही.

याच्या नेमकं उलटही इथेच घडलं आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. पुनर्वसनात सगळ्यात जास्त उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. किल्लारी, सास्तूर त्यातलीच. नाव तेच राहिलं, जागा बदलली. आज कुणी नुसतं ‘सास्तूर’ म्हटलं तर म्हाताऱ्या माणसाला विचारावं लागतं, जुनं की नवं?

माझ्या वैयक्तिक संकेतस्थळावर या पट्ट्यातल्या गावांच्या नोंदी आहेत. आखूड दुव्यांसाठी मी ‘योर्ल्स’ ही आज्ञावली वापरतो. २००९च्या सुमाराची, मुक्त स्रोत, आपल्याच सर्व्हरवर चालणारी. वही आपल्या घरात. पण वापरू लागल्यावर तिच्यातली उणीव कळली. दुव्यामागचा पत्ता बदलला की जुना पत्ता पुसला जातो, मागमूस उरत नाही. शिवाय ती ब्राउझरला ३०१ हा ‘कायमचं स्थलांतर’ सांगणारा संकेत देते. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुढे पत्ता बदलला तरी काही काळ जुन्याच ठिकाणी जात राहतो.

तलाठ्याच्या दप्तराशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला यात काय कमी आहे हे लगेच उमगेल. सातबाऱ्यावर नाव बदलतं, पण शेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. गाव नमुना ६ काढला, की नाव कधी बदललं, वारसाने की खरेदीने, हे समजतं. फेरफाराशिवाय सातबारा म्हणजे नुसता दावा.

म्हणून त्या आज्ञावलीला मी एक लहान प्लगइन जोडलं. त्याची कामं तीन. पत्ता बदलला की जुना पत्ता, तारीख आणि कारण वेगळ्या तक्त्यात लिहायचं. ३०१ऐवजी ३०२, म्हणजे ‘तूर्तास इथे’, असा संकेत द्यायचा. आणि दर महिन्याला सगळी वही साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून ठेवायची, म्हणजे सर्व्हर बुडाला तरी ती कुणालाही वाचता येईल. शब्दांची टंचाई नाही: २६ रोमन अक्षरं आणि १० आकडे घेतले तर चार जागांत १६,७९,६१६ दुवे बसतात. तरी गावांसाठी मी गावाचं नावच ठेवतो. छापील पुस्तिकेत गेलेला दुवा परत घेता येत नाही, आणि नाव निदान वाचता येतं.

वहीतली ‘सास्तूर’ची नोंद आता दोन ओळींची आहे. पहिल्या ओळीत जुन्या गावठाणाच्या नोंदीचा पत्ता, दुसऱ्या ओळीत नव्या गावाचा. कारणाच्या रकान्यात एकच शब्द आहे: भूकंप.