तंजावरची छत्रे, वृद्धाश्रम आणि औषधांना न जुमानणारे जीवाणू

१७९९ च्या तहाने तंजावरचे राज्य ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. सरफोजीराजे दुसरे यांच्याकडे किल्ला उरला, आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात रामेश्वरच्या यात्रामार्गावर उभी असलेली छत्रेही राहिली. १८०१ साली राजांनी कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांची कैफियत मांडली. तीत अन्नदानाबरोबर एक बाब ठळक आहे: वाटेत आजारी पडलेल्या प्रवाशाला औषध व पथ्याचे अन्न मिळे, आणि तो बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा होई. ओरथनाडूचे मुक्तांबाळ छत्र याच परंपरेतले. तंजावरच्या धन्वंतरी महालात औषधे सिद्ध होत; नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदीही राजांनी ठेवविल्या. रुग्णाबरोबर त्याची नोंदही जपायची असते, हे त्या दरबाराला उमगले होते.

आज याच गावांतली तरुण पिढी चेन्नई, सिंगापूर, आखाती देशांकडे जाते आणि मागे वृद्ध राहतात. २०११ च्या जनगणनेत तामिळनाडूत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्के होते. त्याहून अधिक केवळ केरळ, गोवा अशा मोजक्या राज्यांत. कोणी घरी अंथरुणाला खिळतो, कोणी वृद्धाश्रमात. लघवीची नळी, शय्याव्रण, वारंवार दिलेली प्रतिजैविके, आणि मग रुग्णालयाच्या फेऱ्या. प्रतिरोधी जीवाणूला याहून सोयीची वाट नाही.

ती वाट कशी चालते, हे २००८ च्या एका घटनेत दिसले. दिल्लीत उपचार घेतलेल्या भारतीय वंशाच्या ५९ वर्षांच्या स्वीडिश रुग्णाच्या लघवीत कार्बापेनेम औषधांना न जुमानणारा क्लेब्सिएला सापडला. तेच जनुक पुढे त्याच्या मलातल्या ई. कोलायमध्येही आढळले. एका जातीने दुसरीला ते बहाल केले असावे, तेही माणसाच्या आतड्यातच. या जनुकाला 'एनडीएम-१' नाव मिळाले. २०१० साली 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये मद्रास विद्यापीठाचे कार्तिकेयन कुमारसामी व सहकाऱ्यांनी असे १८० नमुने नोंदवले. त्यांपैकी ४४ चेन्नईचे होते. देशात मात्र चर्चा रंगली ती राजधानीच्या नावाची बदनामी झाल्याची. रोगाहून नावाचीच चिंता अधिक! २०१२ मध्ये चेन्नईतच डॉक्टरांच्या संघटनांनी एकत्र येऊन 'चेन्नई जाहीरनामा' काढला. प्रतिजैविकांच्या विक्रीवर निर्बंध व रुग्णालयांत संसर्गनियंत्रण या त्यातल्या मागण्या. पुढे आलेल्या 'एच-१' अनुसूचीने काही प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला बंधनकारक केली.

औषधाच्या दुकानात नोंद आली. वृद्धांच्या खाटेपाशीही ती हवी. असा जीवाणू बाळगणारा माणूस बहुधा आजारी दिसत नाही, ताप नसतो. दाखल होतानाच गुदमार्गाचा नमुना तपासला, तर त्याला वेगळे स्वच्छतागृह देता येते, आणि शेजारच्या खाटेवरचा शस्त्रक्रियेचा रुग्ण वाचतो. निष्कर्ष होकारार्थी आला म्हणून खाट नाकारणे हा मात्र अन्याय. तो जीवाणू त्या वृद्धाला बहुधा अशाच एखाद्या वॉर्डात मिळालेला असतो. परत पाठवताना चिठ्ठीत गोळ्यांच्या नावांखाली ही एक ओळ लिहिली, तर आश्रमातल्या परिचारिकेला कळेल की नळीला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात धुणे का टाळता येणार नाही.