डोब्रोची मींड कुठून आली?

१९५५ साली जॉश ग्रेव्हज हा टेनेसीचा वादक लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज यांच्या 'फॉगी माउंटन बॉइज' या बँडमध्ये आला, तो खरं तर बास वाजवायला. थोड्याच दिवसांत त्याच्या हाती डोब्रो ही आडवी वाजवायची गिटार आली आणि ब्लूग्रास संगीताचा कान बदलला. तोवर या संगीताचा संच ठरून गेला होता: बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार आणि बास. बिल मन्रोनं १९४५ च्या अखेरीस स्क्रग्जला घेऊन जो नामांकित संच बांधला, त्यात डोब्रोला जागाच नव्हती. ग्रेव्हजनं स्क्रग्जची तीन बोटांची बँजोची चाल उचलून डोब्रोवर बसवली आणि या नव्या वाद्याला जुन्यांच्या वेगानं पळता येऊ लागलं.

पण डोब्रोचं खरं वेगळेपण उजव्या हातात नाही, डाव्यात आहे. गिटार आडवी, तारा आकाशाकडे. डावी बोटं तारा पडद्यावर दाबत नाहीत. त्यांच्यात पोलादाचा एक बार धरलेला असतो आणि तो तारांवरून सरकतो. सहा तारा आपल्या भाषेत सा ग प सा ग प अशा लागलेल्या. बँजोचे स्वर सुटे, टोकदार पडतात. डोब्रोचा स्वर मात्र एका जागेवरून दुसऱ्या जागी न तुटता जातो. हिंदुस्थानी संगीत ऐकलेला कुठलाही माणूस त्याला एकच नाव देईल: मींड.

केंटकी-टेनेसीच्या डोंगराळ मुलखातल्या संगीतात ही मींड शिरली कशी? कुळकथेचा अलीकडचा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. स्लोव्हाकियातून कॅलिफोर्नियात आलेल्या जॉन डोपिएरानं १९२० च्या दशकात गिटारच्या पोटात ॲल्युमिनियमचा शंकू बसवून तिचा आवाज वाढवला. पुढे भावांबरोबर काढलेल्या कंपनीचं नाव वाद्याला चिकटलं. क्लिफ कार्लाइलनं १९३१ मध्ये गायक जिमी रॉजर्सच्या ध्वनिमुद्रणांत ही सरकती गिटार वाजवली. रॉय एकफच्या बँडमधल्या पीट कर्बीनं, म्हणजे श्रोत्यांच्या ब्रदर ओस्वाल्डनं, ती रेडिओवरून घराघरांत नेली. हे वाजवणं तो हवाईच्या एका वादकाचे हात पाहून शिकला होता. रॉजर्सनंही १९३० मध्ये लॅनी मॅकिन्टायरच्या हवाईयन वादकांसोबत गाणी मुद्रित केली होती. सगळ्या वाटा प्रशांत महासागरातल्या बेटांकडे जातात, आणि तिथे पोचल्यावर वाद सुरू होतो.

रूढ उत्तर आहे जोसेफ केकुकू. जन्म १८७४, ओआहू बेटावरचं लाइए गाव. मुलगा गिटार घेऊन रेल्वेच्या रुळांवरून चालला होता, रुळाकाठचा एक बोल्ट उचलला, तो तारेवर घासला आणि नवा नाद सापडला, अशी ही गोष्ट. काही जण बोल्टच्या जागी कंगवा सांगतात, काही जण चाकू. होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत शिकताना त्यानं तिथल्या कार्यशाळेत पोलादाचा बार घडवला, आतड्याच्या तारा काढून पोलादी तारा घातल्या आणि त्या पडद्यांपासून उंच उचलल्या. १९०४ मध्ये तो अमेरिकेत गेला. पुढे 'बर्ड ऑफ पॅरडाइज' हे नाटक आणि १९१५ चं सॅन फ्रान्सिस्कोचं प्रदर्शन यांनी हवाईयन गिटारचं वेड अमेरिकाभर पसरवलं.

केकुकूच्या कर्तबगारीविषयी शंका घ्यायला जागा नाही. शंका आहे ती रुळांच्या गोष्टीविषयी. ती अनेकदा १८८५ च्या सुमाराची, केकुकू अकरा वर्षांचा असतानाची म्हणून सांगितली जाते. ओआहूची सार्वजनिक रेल्वे मात्र सुरू झाली १८८९ च्या नोव्हेंबरात, आणि केकुकू होनोलुलूच्या शाळेत आला तोही १८८९ मध्येच. उसाच्या मळ्यातल्या छोट्या रुळांवर हा प्रसंग घडला असेल, असं म्हणता येतं. पण बोल्टची गोष्ट खरी मानायची तर ती १८८९ च्या आसपासच नीट बसते.

आणि त्याच्या आधीच्या काळात एक दुसरं नाव उभं आहे. हवाईच्या जुन्या संगीताचा अभ्यास करणाऱ्या हेलन रॉबर्ट्स यांनी १९२६ च्या आपल्या ग्रंथात गेब्रिएल डॅव्हियन या तरुणाची नोंद केली आहे. हा मुलगा हिंदुस्थानात जन्मलेला. एका जहाजाच्या कप्तानानं त्याला पळवून नेलं आणि फिरत फिरत तो होनोलुलूला पोचला. १८८० च्या दशकात, केकुकूच्या आधी, तारेवर वस्तू सरकवून वाजवणारा पहिला माणूस तोच, असं तिथल्या जाणत्यांनी रॉबर्ट्स यांना सांगितलं होतं.

डॅव्हियनचं नाव बहुतेक इतिहासांत एका ओळीत येतं आणि जातं. १९८३ मध्ये संगीतशास्त्रज्ञ मँटल हूड यांनी मात्र त्या ओळीचा पाठपुरावा केला. त्यांचा रोख दक्षिणेतल्या गोट्टुवाद्यम या वाद्याकडे होता. वीणेसारखंच, पण पडदे नसलेलं आणि गुळगुळीत दांडुक्यानं वाजवायचं. हे वाद्य पुढे आणणाऱ्यांत अग्रणी होते तंजावरजवळच्या तिरुविडैमरुदूरचे श्रीनिवास राव आणि त्यांचे चिरंजीव सखाराम राव. सखाराम रावांनी ते मैफलीत रुजवलं. सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यरांसारखा गायक त्यांच्याकडे शिकला. १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य असलेल्या मुलखात 'सखाराम राव' हे नाव कुठल्या घरातलं असणार, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

सरकत्या वादनाची मुळं तर त्याहून जुनी आणि जवळची आहेत. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात एकतंत्री वीणेचं सविस्तर वर्णन आहे: एकच तार, पडदा नाही, डाव्या हातात बांबूची 'कम्रिका' आणि ती तारेवर सरकवून स्वर काढायचे. आज जो किल्ला दौलताबाद म्हणून पाहायला लोक जातात, त्याच्या सावलीत ही पद्धत शास्त्रात बसली होती. उत्तरेत हीच रीत पुढे विचित्र वीणेत दिसते. तिथे काचेचा बट्टा सरकतो.

मग डॅव्हियननं हीच विद्या हवाईला नेली का? विरोधकांचं म्हणणं वजनदार आहे. जॉन ट्राउटमन यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात हवाईयन लोकांच्या स्वतःच्या कल्पकतेची बाजू जोरकसपणे मांडली आहे, आणि बेटांवरच्या माणसांचं श्रेय बाहेरच्याला देण्याची जुनी खोड लक्षात घेतली तर ती मांडायलाच हवी होती. शिवाय वीणा हे देवळातलं, दरबारातलं वाद्य. गलबतावर पळवून नेलेल्या पोराला ते कुठून येणार? डॅव्हियनचं गाव कोणतं, हे नोंदीत नाही.

तिसरा पक्ष आफ्रिकेचा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतली काळी मुलं भिंतीवर एक तार ताणून तिच्यावर बाटली सरकवत आणि या खेळण्याची मुळं पश्चिम आफ्रिकेत सापडतात. १९०३ च्या सुमारास संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीनं मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर चाकूनं गिटार वाजवणारा माणूस पाहिला. ब्लूजच्या मींडेचा उगम इथे शोधणं योग्यच. पण गिटार आडवी, तारा वर, हातात बार आणि तारा पडद्यांपासून उंच, ही डोब्रोची बैठक हवाईचीच आहे. टटवायलरच्या आठवणीत हँडीलाही हवाईयन वादकांचीच उपमा सुचली.

तर्क करायचा तर तो असा. वाद्य वाजवता यावं एवढं शिक्षण डॅव्हियनला मिळालं असण्याची गरज नाही. पडद्याशिवाय, कशानं तरी घासून तारेतून गाणं निघतं, एवढं लहानपणी पाहिलेलं, ऐकलेलं पुरेसं होतं. खिशातला चाकू आणि समोरची गिटार मिळाल्यावर बाकीचं हात करतो. हवाईत त्यासाठी जमीनही तयार होती. मेक्सिकोतले गुराखी १८३० च्या दशकात गिटारी घेऊन आले होते आणि बेटकरांनी तारा ढिल्या करून मोकळ्या तारांतच सुरेल मेळ जुळेल अशी 'स्लॅक की' लावणी काढली होती. अशा लावणीवर एक सरळ दांडी आडवी ठेवली की सगळ्या तारा एकदम सुरात बोलतात. नेहमीच्या लावणीवर तीच दांडी ठेवली तर कर्कश्श गोंधळ होतो. केकुकूनं हे ओळखलं, त्यासाठी बार, तारा आणि उंची बदलली आणि वर्षानुवर्षं हात घासून एका गमतीचं वाद्य केलं. म्हणून डॅव्हियनकडे कल्पनेचं आणि केकुकूकडे वाद्याचं श्रेय, ही वाटणी सर्वांत पटणारी आहे.

हवाईयन गिटार पुढे हिंदुस्थानातही आली. १९४० च्या दशकात टाऊ मो हा हवाईयन वादक कुटुंबासह कलकत्त्यात राहिला. मुंबईत व्हॅन शिपलेनं चित्रपटांच्या चाली तिच्यावर वाजवल्या. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग मांडले आणि १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या अल्बममुळे ते घरोघरी पोचले. विश्वमोहन भट्ट यांनी तिला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली.

१९९५ मध्ये भट्ट आणि ग्रेव्हजच्या वाटेनं पुढे गेलेला डोब्रोवादक जेरी डग्लस यांनी एडगर मेयरच्या बाससोबत 'बर्बन अँड रोझवॉटर' हा अल्बम मुद्रित केला. वरच्या वाटणीची परीक्षा घ्यायला तो उत्तम आहे. दोघांच्या हातात बार आहे, पण भट्ट, एकतंत्रीत आणि गोट्टुवाद्यमात होतं तसं, मुख्यतः एका तारेवर स्वर लांबवतात आणि बाकीच्या तारा आधाराला ठेवतात. डग्लस एकाच बाराखाली तीन तारा घेऊन अख्खा स्वरमेळ उचलतो आणि तो तसाच्या तसा वर-खाली नेतो. हे दुसरं काम शार्ङ्गदेवाच्या कम्रिकेला करायचंच नव्हतं, तिच्यापुढे तार एकच होती. ते कामेहामेहा शाळेच्या कार्यशाळेतून आलं.